धोंडूबाईच्या फोनातलं दुसरं बोट

१

धोंडूबाई विहिरीत सापडली तेव्हा तिचा फोन काठावर कोरडा ठणठणीत होता. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी. पावसाळ्यात फोन असाच ठेवायचा हे तिला मीच शिकवलं होतं. पोहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी मितेश. शहापूरच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लोक फुटलेले फोन आणि विसरलेले पासवर्ड घेऊन येतात, आणि मी त्यांना सुरक्षिततेवर चार शब्द सांगतो. ते फुकट असल्यामुळे कुणी ऐकत नाही. धोंडूबाई ऐकायची. वय अडुसष्ट, राहायला धसईजवळच्या पाड्यावर, लिहिता-वाचता येत नाही. नात सारिका शहापूरला नर्सिंगचा कोर्स करते, तिच्यासोबत म्हातारी दुकानात आली आणि फोन घेऊन गेली. त्यानंतर धसई परिसराला शांतता अशी मिळाली नाही.

झालं असं, की धसईत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या सुयोग सरांनी ‘धसई विज्ञान मंडळ’ नावाचा ग्रुप काढला होता. दोनशे बारा सभासद. सर रोज विज्ञानाच्या बातमीचा व्हिडिओ टाकायचे. धोंडूबाई तो बघायची आणि आवाजात मत पाठवायची.

चंद्रावर पाणी सापडल्याची बातमी आली तेव्हा तिने अकरा मिनिटं पाठवली. सुरुवात अशी होती: “चंद्रावर पानी घावलं म्हनतात. बरं झालं. आता तिथल्या बायकांना हंडा घेऊन जायला लागंल.”

जूनमध्ये बोटांच्या ठशांवर व्हिडिओ आला. त्यावर ती म्हणाली, “बोटाच्या रेघा घासल्या तरी मागनं परत त्याच उगवतात, नवीन नाय उगवत, असं शास्त्रज्ञ म्हनतो. आमच्यापन उगवत्याल. पन आमाला लावनीला सुट्टी द्या की त्यासाठी.”

सर प्रत्येक मताखाली अंगठा टाकायचे. पाठवल्यापासून चार सेकंदांत, मत अकरा मिनिटांचं असलं तरी.

त्या बुधवारी सकाळी सात वाजता धोंडूबाईचा आवाज आला: “आज संध्याकाळी एक सांगनार हाय. इज्ञानाचंच हाय. पन चंद्रावरचं नाय, धसईतलं.”

दुपारी एक वीसला तिच्याच फोनवरून ग्रुपवर मेसेज पडला. या वेळी लिहिलेला. ‘मी कंटाळले. सारिकाच्या बोलण्याने मन दुखलं. कुणाला दोष देऊ नये.’

दोन वाजता शेजारीण बाळी विहिरीवर गेली, आणि तिची किंचाळी तीन शेतांपलीकडे ऐकू गेली.

२

चौकशीला मुरबाडहून कुणाली आली. कुणाली पोलीस हवालदार आहे, आणि सापगावच्या शाळेत पाचवी ते दहावी माझ्या पुढच्या बाकावर बसायची. लोकांसमोर मी तिला मॅडम म्हणतो. ती मला लोकांसमोरही मित्या म्हणते.

गुरुवारी ती फोन घेऊन माझ्या दुकानात आली.

“साहेब म्हणतात आत्महत्या,” ती म्हणाली. “मेसेज आहे, भांडण आहे, विहीर आहे. सगळं जागच्या जागी.”

“मग?”

“जी बाई चंद्रावर अकरा मिनिटं बोलली, ती मरताना तीन ओळी लिहील? तिला लिहिता तरी येत होतं का?”

“नाही. पण आपण बोललेलं फोन लिहून देतो, मॅडम.”

“ती सोय तिच्या फोनात चालू आहे का, बघ.”

फोन उघडायची गरज नव्हती, मी तसंच सांगितलं. बंद होती. ती मीच बंद करून दिली होती. फोनने आपलं बोलणं उगाच ऐकू नये, असं माझं मत आहे. माझी मतं बहुतेक वेळा निरुपयोगी असतात. हे पहिलंच कामाला आलं, आणि ते अशा कामाला.

“म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलं,” कुणाली म्हणाली. “हा फोन उघडतो कसा?”

“बोटाने. नाहीतर पॅटर्नने.”

“म्हातारीचं बोट?”

“म्हातारीचं नाही,” मी म्हणालो. चाळीस-पन्नास वर्षं भाताची लावणी केलेल्या बाईच्या बोटावर रेघा राहत नाहीत. दुकानात मी तिची दहाच्या दहा बोटं लावून बघितली होती. एकही फोनला दिसलं नाही. अकरावं असतं तर तेही लावलं असतं. मग मी आमच्याकडे सगळे दुकानदार करतात तेच केलं. घरातल्या ज्या माणसाच्या बोटाला रेघा आहेत, त्याचं बोट टाकून दिलं.

“मित्या. कुणाचं?”

“सारिकाचं,” मी म्हणालो. “आणि पॅटर्नही जगात दोघींनाच माहीत होता. म्हातारीला आणि सारिकाला.”

कुणालीने वही मिटली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की मी आत्ता एका मुलीला आत टाकलं.

३

सारिका पडवीत बसली होती. बावीस वर्षांची पोर, आठ दिवस लावणीत उभी राहून हातांची सालं निघालेली. पायांना चिखल्या झालेल्या, बोटांच्या बेचक्यांत जांभळं औषध लावलेलं. त्या आठवड्यात पाड्यावर सगळ्यांचे पाय जांभळे होते.

“भांडण कशावरून झालं गो?” कुणालीने विचारलं.

“माझा रक्ताचा रिपोर्ट आजीनं ग्रुपवर सांगितला. हिमोग्लोबिन कमी हाय, रक्तात लोखंड असतं, ते पोरींनी कसं वाढवायचं, असं सगळं. दोनशे बारा मानसांना.”

“मग?”

“मला बघायला आलेले लोक त्याच ग्रुपात व्हते. दुसऱ्या दिवशी नाय म्हनून कळवलं त्यांनी. मी बांधावरून वरडले, तुझा फोन हिरीत टाकते म्हनून. सगळ्यांनी ऐकलं.” ती माझ्याकडे वळली. “मितेशदादा, मी फोन म्हनले. आजी नाय म्हनले.”

“बुधवारी तू कुठे होतीस?”

“शेतात. साडेअकराला भाकरी आनायला घरी गेले, साडेबाराला परत.”

“सोबत कोण?”

“कोन नाय.”

“हल्ली तुझं बोट लागतं फोनला?”

“लावनीत कुनाचं लागतंय?”

“पण पॅटर्न येतो.”

“येतो,” सारिका म्हणाली. “आजी पदराखाली काढायची. कुनाला दिसू नये म्हनून. मितेशदादानंच शिकवलेलं. मी सोडून कुनालाच म्हाईत नाय.”

ती खरं बोलत होती. प्रत्येक खऱ्या वाक्यासरशी ती थोडी थोडी आत चालली होती.

शेजारी बाळी भात निवडत बसली होती. साठीची बाई. तिला काही विचारलं नव्हतं, म्हणून ती बोलली.

“मी हिरीवरनं गेले तवा इरलं तरंगत व्हतं पान्यात.”

इरलं म्हणजे लावणीत पाठीवर घ्यायचं बांबूचं पावसाचं आच्छादन. पाड्यावर आता सगळे प्लास्टिक वापरतात. बांबूचं इरलं एकट्या धोंडूबाईकडे उरलं होतं.

“कधी?” कुणालीची पेन्सिल थांबली.

“साडेबाराची गाडी नुकती गेलेली. मला वाटलं, वाऱ्यानं उडालं आसंल. मागनं काढू. दोनला काढाया गेले तर खाली ती.”

“हे काल का नाही सांगितलं मावशी?”

“काल साहेबांनी इच्यारलं, बाई कधी घावली. घावली दोनला. इरल्याचं कुनी इच्यारलं?”

कुणाली माझ्याकडे बघत राहिली. साडेबाराला धोंडूबाई पाण्यात होती. मेसेज एक वीसला आला होता.

आता आत्महत्या उरली नव्हती. खून होता. आणि तो फोन उघडू शकणारी एकच जिवंत व्यक्ती आमच्यासमोर बसली होती.

४

साहेबांना खून पटायला वेळ लागला नाही, सारिका त्याहून लवकर पटली. कुणालीने सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

शुक्रवारी आम्ही आधी सूरजला गाठलं. सूरज टँकर चालवतो. त्याच्या टँकरमधून ओढ्यात काहीतरी वास मारणारं सोडलं जातं, असं धोंडूबाईने ग्रुपवर तीनदा सांगितलं होतं. बुधवारी संध्याकाळी ती त्याचंच नाव घेणार, यावर सगळ्या धसईचं एकमत होतं.

“सोडतो मी,” सूरज म्हणाला. “मालक सांगतो तिथं सोडतो. म्हातारी तोंडावर शिव्या द्यायची, मागनं चहा पाजायची. मी तिला मारंन तर मला शिव्या कोन देनार?”

“तिचा फोन हातात घ्यायचास कधी?”

“रिचार्ज मीच मारून द्यायचो. पन फोन उघडून तीच द्यायची. पदरात तोंड घालून काहीतरी करायची, मग द्यायची. मला वाटायचं, देवाचं काय हाय.”

मग सुयोग सर. क्लास धसईच्या बाजारात, वरच्या मजल्यावर. भिंतीवर सरांनी स्वतः लिहिलेला फलक: ‘आपला पासवर्ड म्हणजे आपला टूथब्रश. कुणाला देऊ नका.’ दारात हजेरीचं बोटाचं मशीन. सरांनी उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवलं, मशीन ‘धन्यवाद’ म्हणालं आणि दार उघडलं.

“माझ्या क्लासची सुरक्षा जिल्ह्यात एक नंबर,” सर म्हणाले. तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, पायांत पांढरे मोजे. आमच्याकडे जुलैमध्ये पांढरे मोजे घालायला फार आत्मविश्वास लागतो.

“बुधवारी दुपारी?” कुणालीने विचारलं.

“लाइट गेली. साडेअकराला मुलींना सोडलं. मग इथेच होतो.”

“एकटे?”

“एकटाच. फार वाईट झालं हो. मंडळाची सर्वांत सक्रिय सभासद होती. मी तर तिचं प्रत्येक मत आवर्जून ऐकायचो.”

मला चार सेकंद आठवले.

“तिचा फोन तुम्ही हाताळलाय?”

“एकदाच. ग्रुपमध्ये घेताना. एखाद मिनिट.”

जिना उतरताना कुणाली म्हणाली, “मित्या, फोनात बोटांची यादी बघता येते का?”

“येते. पण तिथे जायला पॅटर्न लागतो.”

“तो आहे आपल्याकडे.”

आम्ही पाड्यावर परत गेलो. सारिकाने सवयीने ओढणीखाली पॅटर्न काढला आणि फोन माझ्या हातात दिला. मी यादी उघडली.

माझ्या हाताने टाकलेलं नाव वर होतं: ‘सारिका’.

त्याखाली आणखी एक ओळ होती. ‘बोट २’.

ते मी टाकलं नव्हतं.

५

“काढून का नाही टाकलं मग त्याने ते?” कुणालीने विचारलं.

“काढायलाही पॅटर्न लागतो. टाकताना म्हातारीने पदराखाली काढून फोन दिला असणार. याला आत जायला मिळालं, पण पॅटर्न काही दिसला नाही. त्याचं बोट आत अडकून पडलंय.”

जन्मभर मी लोकांना सुरक्षिततेच्या युक्त्या सांगत आलो. पदर त्यांत सर्वांत स्वस्त निघाला.

कुणालीने ग्रुपवर जाहीर केलं: सोमवारी सकाळी दहा वाजता, धोंडूबाईचा फोन ज्यांनी कधीही हातात घेतला त्यांनी पाड्यावर यावं, प्रत्येकाने दहाही बोटं लावून बघायची आहेत.

“आधीच सांगून टाकलंस?” मी म्हणालो. “तो पळेल ना.”

“पळाला तर बरंच. नाय पळाला तर काहीतरी करेल. मला ते बघायचंय.”

सोमवारी कुणी पळालं नाही. पडवीत पाट मांडला, पाटावर फोन. पाच चुकांनंतर फोन तीस सेकंद रुसायचा, मग सगळे माना खाली घालून थांबायचे, जसं काही कुणी आजारी आहे. जास्तच रुसला की सारिका ओढणीखाली पॅटर्न काढून त्याला ताळ्यावर आणायची.

पहिली बाळी. दहाही बोटांना फोनने एकच सांगितलं: ‘सेन्सर पुसून पुन्हा प्रयत्न करा.’ मी वाचून दाखवायचो, बाळी पदराने फोन पुसायची. सातव्या बोटाला ती म्हणाली, “पुसला की रं. आता काय फिनाइल टाकू?”

“मावशी, फोनला तुमचं बोट दिसतच नाही. तुम्ही सुटलात. जे दिसत नाही ते यादीत टाकताच येत नाही.”

“गुन्हेगाराला दिसनारं बोट लागतं व्हय,” बाळी म्हणाली आणि भाताकडे गेली.

मग सूरज. दहाही बोटांना वेगळं उत्तर: ‘जुळत नाही.’ म्हणजे बोट दिसलं, पण यादीतलं नव्हे. सूरजने हात पुसले आणि खांबाला टेकून उभा राहिला.

मग सुयोग सर. डाव्या हाताची पाच: ‘जुळत नाही.’ उजव्याचा अंगठा: ‘जुळत नाही.’ उजव्याचं पहिलं बोट त्यांनी टेकवलं. मी पडद्यावरचं वाचलं, आणि मला परत वाचावं लागलं.

‘सेन्सर पुसून पुन्हा प्रयत्न करा.’

उरलेली तीन: ‘जुळत नाही.’

“झालं?” सर उठले. “दहाही बोटांनी उघडला नाही. मला क्लास आहे.”

“बसा,” कुणाली म्हणाली. “ते पहिलं बोट दाखवा.”

बोटाचं टोक लाल, गुळगुळीत होतं. सहाणेच्या दगडावर घासल्यासारखं.

“मामाकडे लावणी होती,” सर म्हणाले. “शनिवार-रविवार गेलो होतो. लावणीत सगळ्यांचीच बोटं जातात, तुम्हाला माहीत आहे.”

सूरजने खांबाजवळून विचारलं, “एका बोटानं लावनी केली का सर?”

“शुक्रवारी याच बोटाने तुमचं दार उघडलं,” कुणाली म्हणाली. “आमच्यासमोर. मोजे काढा.”

सरांनी काढले नाहीत. कुणालीने वाकून एक खाली ओढला. पाय पांढरा, कोरडा, बेचकीत एक चीर नाही. भोवती पाड्यावरच्या सगळ्यांचे जांभळे पाय होते.

“याने काय सिद्ध होतं?” सरांचा आवाज अजूनही वर्गातलाच होता. “बोट खरचटलं. तो काही गुन्हा नाही. आणि आता ते बोट तुमच्या फोनला कधीच लागणार नाही. ठसा एकदा गेला की गेला.”

कुणालीने आपल्या फोनवर ग्रुप उघडला आणि जूनमध्ये गेली. पडवीत धोंडूबाईचा आवाज आला, तिच्या स्वतःच्या घरात.

“बोटाच्या रेघा घासल्या तरी मागनं परत त्याच उगवतात, नवीन नाय उगवत, असं शास्त्रज्ञ म्हनतो...”

सारिकाने तोंडावर ओढणी धरली.

“याला तुम्ही अंगठा दिला होता, सर,” कुणाली म्हणाली. “आवर्जून ऐकलं असतंत तर हे एक बोट घासायचा त्रास वाचला असता.”

सर हसायला गेले आणि ते त्यांना जमलं नाही.

“घाई नाही,” कुणालीने टोपी घातली. “आम्ही उगवायची वाट बघू.”

६

दहा दिवस लागले. साहेब रोज सकाळी कोठडीत जाऊन त्यांच्या बोटाकडे बघून यायचे, कुंडीतल्या रोपाकडे बघावं तसं. अकराव्या दिवशी सुयोगने बोट टेकवलं आणि फोन उघडला. पहिल्याच खेपेला.

त्यानंतर तो बोलला. क्लासमधल्या मुलींना, त्यांच्या आयांना तो फोन ‘नीट करून’ द्यायचा. प्रत्येक फोनात स्वतःचं बोट टाकायचा आणि मग सवडीने आतले फोटो काढून घ्यायचा. त्या फोटोंच्या जोरावर त्याने एका मुलीला धमकावून मुठीत ठेवलं होतं. ती मुलगी कुणाला बोलली नाही, फक्त धोंडूबाईला बोलली. तिचं नाव मी लिहीत नाही. एवढी तरी सुरक्षितता.

धोंडूबाईने त्याला बुधवारी विहिरीवर बोलावलं होतं. ओरडायला नाही. “लेकरा, संध्याकाळपर्यंत समदं पुसून टाक, मंग मी तुजं नाव घेनार नाय,” असं ती म्हणाली. हे त्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने तिला ढकललं. मग फोन घेऊन बाजारात परत गेला. सारिकाचं भांडण सगळ्यांना माहीत होतं, तेवढं वाक्य त्याने बसून जुळवलं, पाठवलं आणि फोन पिशवीत घालून विहिरीवर ठेवून आला. दोन गाठी मारायलाही विसरला नाही. फोन ओला होऊ नये म्हणून.

कुणालीने आणि मी परिसरातले फोन तपासले. एकतीस फोनांत त्याचं बोट निघालं. सात फोनांत माझं. बोट दिसत नाही म्हणून, घरात दुसरं कुणी नाही म्हणून, अडलं तर दुकानात आणतीलच म्हणून. मी सात घरी जाऊन माझं बोट काढलं. पाच बायकांनी विचारलं, मग आता उघडायचा कसा? मी पॅटर्न शिकवला. सहावी म्हणाली, “राहू दे रं तुझं. तू काय तसा नाय.” मी तिला सांगितलं, की सुयोगलाही सगळे असंच म्हणायचे. तिने फोन पुढे केला.

सातवी बाळी होती. तिने फोन पदराखाली नेला, बराच वेळ काहीतरी केलं आणि बाहेर काढला. पॅटर्न चुकीचा होता. पण मला दिसला नाही, याचं तिला समाधान होतं.

महिन्याभराने सारिका दुकानात आली. सगळ्या नोंदी झाल्यावर पोलिसांकडून फोन परत मिळाला होता.

“दादा, यातनं त्याचं बोट काढ.”

मी काढलं.

“माझंपन.”

“तुझं कशाला?”

“काढ.”

मी काढलं. यादीत काही उरलं नाही. तिने रिकाम्या यादीकडे बघितलं.

“आजीचं बोट यात कधी नव्हतंच ना?”

“नव्हतं. फोनला ते दिसायचं नाही.”

तिने ओढणीखाली पॅटर्न काढला, ग्रुप उघडला, आणि वर वर जात राहिली. सगळीकडे आवाजाच्या पट्ट्या आणि प्रत्येकीखाली एक अंगठा. चंद्राच्या पाण्यापाशी ती थांबली.

“अकरा मिनिटांची आहे,” मी म्हणालो.

“म्हाईत हाय. त्या दिवशी मी न ऐकताच पुढं ढकलली व्हती.”

तिने स्टूल ओढलं. मी दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं, आणि आम्ही पूर्ण ऐकली.